फिफ्टी-फिफ्टी म्हणजे नेमकं किती? महाधमनीची तातडीची शस्त्रक्रिया आणि मशीन लर्निंगचा अंदाज

आकडेमोड · शनिवार, रात्री १०.१२

बाबांना जाऊन येत्या श्रावणात सहा वर्षं होतील. भांडुपच्या घरी पहाटे साडेचारला ते पाणी भरायला उठले आणि पिंपाला धरूनच खाली बसले. "पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधे, कुणीतरी कापड फाडावं तसं फाडतंय," असं म्हणाले. आईने ओव्याचं पाणी दिलं. जवळच्या नर्सिंग होममध्ये ईसीजी काढला, त्यात फारसं काही नव्हतं, म्हणून ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन झोपवून ठेवलं. दुपारी त्यांचा उजवा पाय गार पडला, तेव्हा दुसऱ्या रुग्णालयात हलवलं आणि तिथे सीटी झाला.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी सीटीच्या पाकिटामागे पेनने छत्रीच्या मुठीसारखी वाकडी नळी काढली. "ही महाधमनी. हृदयातून वर येते, वळते आणि कण्याला लागून खाली पोटात जाते. भिंतीला तीन थर असतात. आतला थर चिरलाय आणि रक्त थरांच्या मधे शिरून भिंत उसवत चाललंय." मुठीच्या सुरुवातीला त्यांनी एक रेघ मारली आणि ती खाली पायापर्यंत ओढत नेली. ऑपरेशन आजच व्हायला हवं, आमच्याकडे सोय नाही, परळला हलवा, असं म्हणाले. मी विचारलं, वाचतील का? ते म्हणाले, "फिफ्टी-फिफ्टी."

त्या एका शब्दावर आम्ही जिन्यात दीड तास घालवला. मोठे काका म्हणत होते, निम्मीच आशा असेल तर एवढी चिरफाड कशाला. मामा म्हणत होते, एफडी मोडू. आई ते पाकीट छातीशी धरून गप्प उभी होती. शेवटी निघालो. ॲम्ब्युलन्स शीवला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बाबा ६१ वर्षांचे होते.

मी संख्याशास्त्रात काम करते. गेली दोन वर्षं एका हृदयशस्त्रक्रिया विभागासोबत, नावगाव काढून टाकलेल्या जुन्या नोंदींवर बसते आहे. प्रश्न असा : महाधमनीची तातडीची शस्त्रक्रिया झाल्यावर रुग्ण वाचेल का, पक्षाघात होईल का, डायलिसिस लागेल का, याचा अंदाज टेबलावर घेण्याआधीच मशीन लर्निंगने, म्हणजे जुन्या नोंदींवरून संगणकाला शिकवून, बांधता येतो का? इथे डॉक्टर, सिस्टर, संगणकवाले आणि ज्यांनी घरच्यांसाठी असं संमतीपत्र सही केलंय अशी मंडळी आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आजार. भिंतीचं हे उसवणं, म्हणजे डिसेक्शन, महाधमनीच्या वर चढणाऱ्या भागात असेल तर त्याला स्टॅनफर्ड वर्गीकरणात टाइप ए म्हणतात. फक्त खाली उतरणाऱ्या भागात असेल तर टाइप बी. टाइप बी बऱ्याचदा रक्तदाब खाली ठेवून औषधांवर सांभाळता येतं. टाइप ए मध्ये शस्त्रक्रियेला पर्याय जवळपास नाही. भिंत हृदयाभोवतीच्या पिशवीत फुटू शकते, चीर झडपेपर्यंत जाऊ शकते, मेंदूचा, आतड्यांचा, मूत्रपिंडाचा किंवा पायाचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. पहिल्या ४८ तासांत दर तासाला १ ते २ टक्के रुग्ण दगावतात, असं जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असायचं. २०२२ साली या आजाराच्या रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीतून आलेल्या विश्लेषणात शस्त्रक्रिया न झालेल्यांसाठी हा वेग तासाला सुमारे अर्धा टक्का दिसला. अर्धा धरला तरी घड्याळ थांबत नाही.

ही नोंदणी म्हणजे आयरॅड, १९९६ पासून चालू आहे. तिच्या २००० सालच्या पहिल्या मोठ्या अहवालात ४६४ रुग्ण होते. टाइप ए मध्ये शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २६ टक्के दगावले, फक्त औषधांवर ठेवलेल्यांपैकी ५८ टक्के. पुढच्या काळात शस्त्रक्रियेनंतरचं प्रमाण १७-१८ टक्क्यांच्या आसपास उतरलं. जर्मनीच्या जेराडा नोंदणीतही ३० दिवसांतले मृत्यू १७ टक्क्यांच्या जवळ आहेत.

म्हणजे शंभरात पन्नास नव्हेत. अनुभवी केंद्रात शंभरातले ऐंशीहून जास्त लोक घरी जातात. त्या जिन्यात आम्हाला कुणी एवढं सांगितलं असतं, तर काका दीड मिनिटात तयार झाले असते असं मला मनापासून वाटतं. पण बाबांचा पाय गार होता, म्हणजे पायाचा रक्तपुरवठा तुटला होता, म्हणजे ते सरासरी रुग्ण नव्हते. मग त्यांच्या धोक्याचा आकडा किती? २५? ४०? मला याच आकड्याने पछाडलंय.

यासाठी साधनं आहेत. हृदयशस्त्रक्रियेतला मृत्यूचा धोका मोजणारा युरोस्कोर टू २०१२ साली आला, तो २२,३८१ रुग्णांवर बेतलेला आहे. पण त्यात बहुतेक बायपास आणि झडपांचे, तारीख ठरवून केलेले रुग्ण आहेत, तातडीची महाधमनी त्यात मूठभर. २०२० साली जेराडाचा स्कोर आला, तो खास टाइप ए साठी, २,५३७ रुग्णांवरून. वय, आल्यावर रक्तदाब टिकवायला औषधं लागली का, व्हेंटिलेटरवर होते का, छाती दाबून जिवंत करावं लागलं का, एक बाजू लुळी पडली होती का, कुठल्या अवयवाचं रक्त तुटलंय, अशा रुग्णाच्या खाटेपाशीच कळणाऱ्या गोष्टी भरायच्या आणि ३० दिवसांतल्या मृत्यूचा टक्का येतो.

हे सगळे स्कोर प्रत्येक घटकाला ठरावीक वजन देऊन बेरीज करतात. मशीन लर्निंगमधल्या रँडम फॉरेस्ट किंवा एक्सजीबूस्टसारख्या पद्धती शेकडो छोटी निर्णयवृक्षं उभी करतात. वय सत्तरच्या वर का? असेल तर लॅक्टेट (शरीराला रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) चारच्या वर का? नसेल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्तातली खूण) किती? अशा फांद्या फुटत जातात आणि सगळ्या झाडांचा कौल एकत्र केला की टक्का मिळतो. फायदा असा, की लॅक्टेट चाळिशीतल्या माणसात वेगळं बोलतं आणि पंच्याहत्तरीत वेगळं, हे झाडांना सांगावं लागत नाही, ती स्वतः शोधतात.

पहिल्याच महिन्यात एक गोष्ट टोचली आणि अजून टोचतेय. आमच्या तक्त्यातली प्रत्येक ओळ शस्त्रक्रिया झालेल्या माणसाची आहे. शीवला संपलेला माणूस त्यात नाही. माझे बाबा कुठल्याच ओळीत नाहीत. मॉडेल जगाकडे ऑपरेशन थिएटरच्या दारातून बघतं, आणि दारापर्यंत कोण पोचतं हे कल्याणहून निघालेल्या आणि वरळीहून निघालेल्या माणसाचं सारखं नसतं.

तुमचे अनुभव, शंका, चुका, सगळं हवंय.

सावली · शनिवार, रात्री १०.४०

वाचताना घशात आवंढा आला. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्हालाही हाच शब्द ऐकवला होता, झडपेच्या ऑपरेशनला. नंतर कळलं की तिथे धोका फार कमी होता. हा शब्द "मला आकडा माहीत नाही" या अर्थाने वापरला जातो आणि आम्ही तो खरा आकडा समजतो. लिहीत राहा.

पंपावर · शनिवार, रात्री ११.२५

मी पर्फ्युजनिस्ट आहे, हार्ट-लंग मशीन चालवतो, आमच्या बोलीत पंप. टाइप ए ची केस रात्री दोनला येते तेव्हा काय होतं ते सांगतो, कारण मॉडेलवाल्यांच्या तक्त्यात ते फक्त "पंप टाइम : २१० मिनिटं" एवढंच उतरतं.

छाती उघडण्याआधीच बऱ्याचदा काखेजवळच्या धमनीतून आम्ही रक्त सुरू करतो. मग माणसाला थंड करत नेतो, २८ अंशांच्या खाली, काही सर्जन २० च्याही खाली नेतात. त्या तापमानाला शरीराचं रक्ताभिसरण थांबवतो आणि फक्त मेंदूला त्या काखेच्या वाटेने रक्त देत राहतो. सर्जन फाटलेला तुकडा कापून डॅक्रॉनची, म्हणजे कृत्रिम धाग्याच्या कापडाची, नळी शिवतात. भिंत ओल्या टिश्यू पेपरसारखी झालेली असते, टाका घेतला की चिरत जाते. तेवढा वेळ खोलीत कुणी बोलत नाही, मी फक्त दर मिनिटाला वेळ मोठ्याने सांगतो. मग परत हळूहळू गरम करणं. मग रक्तस्राव थांबवणं, त्यात कधी कधी शिवण्याहून जास्त वेळ जातो.

आता मुद्दा. मी दोन-तीन शोधनिबंध असे वाचले ज्यांत मॉडेलने फार छान अंदाज दिला होता, आणि सगळ्यात महत्त्वाचा घटक कोणता, तर पंप टाइम. अहो, पंप टाइम ऑपरेशन संपल्यावर कळतो! नातेवाइकांशी बोलायच्या वेळी तो आकडा जन्मालाच आलेला नसतो. गुंतागुंत झाली म्हणून पंप लांबला आणि माणूस गेला, हे मागे वळून सांगणं सोपं आहे. त्याला शस्त्रक्रियेपूर्वीचा अंदाज म्हणू नका.

आकडेमोड · शनिवार, रात्री ११.५१

@पंपावर, अगदी हाच खड्डा आम्हीही खणला होता. पहिल्या मॉडेलमध्ये "दिलेल्या रक्ताच्या पिशव्या" हा रकाना राहून गेला आणि निकाल डोळे दिपवणारा आला. दोन दिवस मी खुशीत होते. मग सरांनी विचारलं, "या पिशव्या कधी दिल्या?" आता आम्ही दोन वेगळी मॉडेलं ठेवली आहेत. एक कॅज्युअल्टीत उत्तर देईल, त्यात फक्त तोवर हातात असलेली माहिती. दुसरं आयसीयूत आल्यावर, त्यात तुमचा पंप टाइम, किती अंशांवर थांबवलं, किती मिनिटं, सगळं. दुसऱ्याचा उपयोग डायलिसिसची तयारी आणि लवकर शुद्धीवर आणायचं का यासाठी.

ढोबळमान · रविवार, सकाळी ८.०५

विदाविज्ञानात (डेटा सायन्समध्ये) आहे, रोज मॉडेलं बनवतो, म्हणून थोडं थंड पाणी ओततो. राग मानू नका.

एक : २०१९ साली ७१ अभ्यासांचा एक पद्धतशीर आढावा आला होता. वैद्यकीय अंदाजांत मशीन लर्निंग साध्या लॉजिस्टिक रिग्रेशनपेक्षा (घटकांना वजन देऊन बेरीज करायची जुनी पद्धत) सरस ठरतं का, हा प्रश्न होता. ज्या तुलना नीट, पक्षपात न करता केल्या होत्या त्यांत फरक दिसला नाही. म्हणजे झाडांचं जंगल उभारण्याआधी साधी बेरीज करून बघा.

दोन : केसेस किती? समजा एका केंद्रात वर्षाला ३० टाइप ए होतात. १७ टक्के धरले तर वर्षाला ५ मृत्यू. दहा वर्षांत ५०. जुना ठोकताळा असा, की तपासायच्या प्रत्येक घटकामागे निदान १० घटना हव्यात. म्हणजे दहा वर्षं घासून पाच घटक. आणि लोक चाळीस घटक घालतात! मॉडेल मग आजार शिकत नाही, रुग्ण पाठ करतं.

तीन : अचूकता. शंभरातले ८३ जगतात. "सगळे जगतील" असं एका ओळीत लिहिलेलं मॉडेल ८३ टक्के अचूक असतं. त्यामुळे "आमचं मॉडेल ८५ टक्के अचूक" ही बातमी वाचली की मी पान उलटतो.

गिरणगाव · रविवार, सकाळी ९.३०

मी या क्षेत्रातला नाही, मिलमधून निवृत्त, पण धागा सोडवत नाही. अचूकता नाही तर मग चांगलं मॉडेल ओळखायचं कसं? सोप्या शब्दांत कुणी सांगेल का?

आकडेमोड · रविवार, सकाळी ११.१०

काका, प्रयत्न करते.

दोन गोष्टी बघायच्या. पहिली, मॉडेलला माणसांतला फरक कळतो का. दगावलेला एक आणि वाचलेला एक अशी जोडी उचला. दगावलेल्याला मॉडेलने जास्त धोका सांगितला होता का? अशा सगळ्या जोड्यांत किती वेळा बरोबर, त्याला एयूसी म्हणतात. ०.५ म्हणजे नाणेफेक, १ म्हणजे देवत्व. टाइप ए मध्ये ०.७ ते ०.८ आलं तरी प्रामाणिक काम झालं म्हणायचं.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते, कॅलिब्रेशन. हवामान खात्याने दहा वेगवेगळ्या दिवशी "पावसाची शक्यता ७० टक्के" सांगितली. त्यातल्या सात दिवशी पाऊस पडला तर खातं खरं बोलतंय. दहाही दिवस दादरला पाणी तुंबलं तर तो ७० खोटा होता, जरी "उद्या आजच्यापेक्षा जास्त पाऊस" हा क्रम बरोबर असला तरी. मॉडेलने ज्यांना २० टक्के धोका सांगितला त्यांच्यातले खरोखर शंभरात वीस गेले का, हे तपासायचं. एयूसी चांगली आणि कॅलिब्रेशन बिघडलेलं असं सर्रास होतं. घरच्यांना आपण क्रमांक सांगत नाही, टक्का सांगतो. म्हणून टक्का खरा हवा.

@ढोबळमान, राग कसला, सगळं मान्य. आम्ही लॉजिस्टिक आणि एक्सजीबूस्ट शेजारी-शेजारी ठेवले, फरक इतका थोडा की मी साध्याच्या बाजूने आहे. पण झाडांनी एक गोष्ट दाखवली जी बेरजेत दिसत नव्हती. लॅक्टेटचा रकाना रिकामा असणं हाच एक धोका निघाला.

रातपाळी · रविवार, दुपारी ३.४५

रिकाम्या लॅक्टेटबद्दल मी सांगते. अकरा वर्षं आयसीयूत आहे.

जो रुग्ण धडधाकट बोलत येतो त्याचं सगळं होतं, एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी), लॅक्टेट, दोन हातांचं बीपी, वजनसुद्धा. जो कोसळत येतो त्याला ट्रॉलीवरून थेट वर नेतात. केसपेपरवर वजन "अंदाजे ७०", वेळ कुणीतरी नंतर आठवून घातलेली. तुमच्या तक्त्यात तो रिकामा दिसतो, आमच्या डोळ्यांसमोर तो सगळ्यात वाईट असतो. संगणकाने त्या जागी सरासरी भरली तर त्या माणसाला तुम्ही बरा करून टाकला!

दुसरं, एककं. एका लॅबचा लॅक्टेट मिलिमोलमध्ये येतो, दुसरीचा मिलिग्रॅममध्ये, आणि त्यांत नऊपटीचा फरक. ३६ लिहिलेलं दिसलं तर ते चार आहे. क्रिएटिनिनचंही तसंच, परदेशी कॅल्क्युलेटरमध्ये मायक्रोमोल मागतात, आपल्याकडचा १ तिकडे ८८ होतो. रात्री तीनला कुणी तो गुणाकार करत बसणार नाही.

तिसरं, डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जाणं. नातेवाईक "घरी नेतो" म्हणून सही करून नेतात. कधी पैशाने, कधी तुमच्या काकांसारखं हाल नकोत म्हणून. फाइलवर "डामा" शिक्का बसतो आणि फाइल मेडिकल रेकॉर्डला जाते. माणूस जगला की गेला, कुणाला माहीत? आणि वाचलेलेही ३० दिवसांनी कुठे असतात! कुणी साताऱ्याला, कुणी आझमगढला. दिलेला फोन शेजाऱ्याचा. तुम्ही त्या रकान्यात काय लिहिता? "जिवंत" लिहीत असाल तर कृपा करून थांबा.

आकडेमोड · रविवार, दुपारी ४.२०

@रातपाळी, सुरुवातीला आम्ही "घरी सोडला = जिवंत" असंच धरलं होतं. तुमचं वाचून पुन्हा तीच फाइल उघडली. आता ज्यांचा ३० दिवसांचा पत्ता नाही त्यांना वेगळं ठेवलंय आणि विभागातली एक समाजसेविका एकेक फोन लावतेय. ३६ चं मात्र मला माहीतच नव्हतं. आत्ता पाहिलं, आमच्याकडे लॅक्टेट २० च्या वर असलेले १४ जण आहेत. उद्या एकेक कागद काढून बघते.

कोकणकडा · रविवार, संध्याकाळी ६.३०

मला या सगळ्याची भीती वाटते, आणि ती मोकळेपणाने मांडतो. आकडा एकदा पडद्यावर आला की तो घरच्यांपाशी थांबणार नाही. उद्या विमा कंपनी म्हणेल, ६० टक्के धोका, मंजुरी नाही. रुग्णालय म्हणेल, आमचे निकाल बिघडतील, दुसरीकडे न्या. आमच्या सावंतवाडीकडून माणूस निघतो तो आधीच दहा तास उशिरा पोचतो. त्याचा आकडा नेहमीच वाईट येणार. म्हणजे जो आधीच लांब आहे त्यालाच दार बंद.

सुईदोरा · रविवार, रात्री ९.१५

हृदयशस्त्रक्रियेत शिकतोय, शेवटचं वर्ष. @कोकणकडा यांची भीती रास्त आहे आणि ती आमच्या खोलीतही बोलली जाते.

मला दोन गोष्टी सांगायच्यात. मायकल डिबेकी हे नाव महाधमनीच्या शस्त्रक्रियेत कोरलेलं आहे, डिसेक्शनचं एक वर्गीकरण त्यांच्याच नावाने आहे, डॅक्रॉनच्या नळ्या रुजवणाऱ्यांतलेही ते. ३१ डिसेंबर २००५ ला, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांना स्वतःलाच हा आजार झाला आणि त्यांनी तो स्वतः ओळखला. आधी त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली. फेब्रुवारी २००६ मध्ये प्रकृती ढासळली तेव्हा ह्यूस्टनला रुग्णालयात, बऱ्याच वादानंतर, शस्त्रक्रिया झाली. बरे व्हायला कित्येक महिने लागले, पण ते पुन्हा कामावर गेले आणि जुलै २००८ पर्यंत जगले. ९७ हे वय कुठल्याही मॉडेलमध्ये घाला, काय उत्तर येईल ते सांगायला नको. मॉडेल चुकलं असं मी म्हणत नाही. ते शंभर जणांबद्दल बोलतं, समोर एक असतो.

दुसरं आमच्या कामातलं. गेल्या पावसाळ्यात एक चाळिशीतला रिक्षाचालक आला, डावी बाजू लुळी, अर्धवट शुद्धीत. स्कोरमध्ये एक बाजू लुळी म्हणजे धोका वाढतो. सीटीत मानेची धमनी बंद दिसत होती. सरांनी विचारलं, "लुळा कधीपासून?" बायको म्हणाली, "गाडीत बसवताना हात उचलत होता." म्हणजे दोन तास. त्याला तडक घेतलं. चौथ्या दिवशी त्याने डाव्या हाताने माझं बोट दाबलं. लुळेपणा आहे की नाही हा रकाना तक्त्यात होता, किती वेळापासून हा नव्हता. निर्णय त्या न लिहिलेल्या रकान्यावर झाला.

आकडेमोड · रविवार, रात्री १०.०२

@सुईदोरा, हे वाचून मी खुर्चीतून उठले. "कधीपासून" हा रकाना आजच घालते.

@कोकणकडा, तुमच्या भीतीला एक जुनं उदाहरण जोडते, ते मी प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगते. अमेरिकेत १९९० च्या दशकात न्यूमोनियाच्या रुग्णांचा धोका सांगणारी मॉडेलं बनवली होती. त्यांतल्या एकाने शोधलं, की दमा असलेल्या रुग्णाला न्यूमोनियाने मरायचा धोका कमी! रिच कारुआना आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली ही हकिकत पुन्हा मांडली. कारण असं, की दमेकऱ्याला डॉक्टर लगेच आयसीयूत घेत, म्हणून तो वाचत असे. मॉडेलला उपचार दिसला नाही, फक्त निकाल दिसला. त्याच्यावर विसंबून दमेकऱ्याला घरी पाठवलं असतं तर तो मेला असता. आमच्या तक्त्यातही नेमकं हेच दडलेलं असू शकतं. एखाद्या गटाला आजवर "काही उपयोग होणार नाही" म्हणून उशिरा घेतलं गेलं, तो गट जास्त मेला, मॉडेलने ते पाठ केलं आणि आता ते परत सांगतंय, "काही उपयोग होणार नाही."

म्हणून आम्ही लिहून घेतलंय, की हा आकडा कुणाला नाकारण्यासाठी वापरायचा नाही आणि तो बिलाच्या खिडकीपर्यंत जाणार नाही. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२३ मध्ये वैद्यकातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत, त्याच वर्षी डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही आला. कागदावर आधार आहे. कागदाने सगळं थांबेल असं मी म्हणणार नाही, म्हणून तुमच्यासारखे लोक समितीत हवेत.

मला आकडा कशासाठी हवाय? जिन्यातल्या त्या चार माणसांसाठी. "फिफ्टी-फिफ्टी" ऐवजी डॉक्टरांना म्हणता यावं : "तुमच्या बाबांसारखे शंभर जण आले तर साधारण सत्तर घरी जातात. पायाचं रक्त तुटलंय म्हणून थोडं जड आहे. ऑपरेशन नाही केलं तर वाचणारे फार कमी. निघायचं असेल तर आत्ता." इतकंच. या वाक्याला अर्धं मिनिट लागतं.

ढोबळमान · रविवार, रात्री १०.३०

हे पटलं. फक्त "साधारण सत्तर" च्या जागी "साठ ते ऐंशी" म्हणा. पन्नास मृत्यूंवर शिकलेल्या मॉडेलला एकच आकडा बोलायचा अधिकार नाही. आणि दुसऱ्या केंद्राच्या रुग्णांवर तपासल्याशिवाय खाटेपाशी नेऊ नका. अमेरिकेत सेप्सिस (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होत जाणं) ओळखणारं एक मॉडेल शेकडो रुग्णालयांत चालू होतं. २०२१ मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी आपल्याच रुग्णांवर तपासलं तर एयूसी ०.६३ निघाली, आणि सेप्सिस झालेल्या तिघांपैकी दोघं त्याच्या नजरेतून सुटले होते. बनवणाऱ्यांच्या घरी ते छानच चालत होतं.

पंपावर · रविवार, रात्री ११.०५

दुसरं केंद्र हवं असेल तर आमच्या सरांशी बोलतो. आमच्याकडे पंपाच्या वह्या आहेत, हाताने लिहिलेल्या, प्रत्येक मिनिटाच्या. १९६८ साली केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी हृदयरोपण केलं तेव्हापासून या परळच्या पट्ट्यात पंपाशेजारी वही ठेवायची शिस्त मोठ्यांनी लावली, असं आमचे गुरुजी सांगायचे. अक्षर लावायला मात्र मला बसवावं लागेल.

आकडेमोड · रविवार, रात्री ११.१८

बसा. मी येते, डबा घेऊन येते. आणि एक नवी वही सुरू करायची आहे, तीही याच पट्ट्यात : टाइप ए चं निदान झालेला प्रत्येक माणूस, टेबलावर गेलेला आणि न गेलेला. दुखणं सुरू झाल्याची वेळ, पहिल्या दवाखान्याची, सीटीची, फोन केल्याची, पोचल्याची. डामा असेल तर का. वाटेत गेला असेल तर कुठे.

रातपाळी · सोमवार, सकाळी ७.५०

ड्यूटी संपवून वाचतेय. एक सुचवते. उजव्या आणि डाव्या हाताचं बीपी असे दोन वेगळे रकाने छापा. एकच रकाना असला की एकाच हाताचं घेतलं जातं. दोन छापले की दुसरा रिकामा डोळ्याला खुपतो आणि कुणीतरी पट्टा दुसऱ्या हाताला बांधतं. दोन हातांत २० चा फरक आला तर तिथेच संशय येईल, सीटी लवकर होईल.

आकडेमोड · सोमवार, सकाळी ८.१४

छापले. उजवा, डावा, दोन्हींपुढे वेळ. नमुना दुपारी इथे टाकते, अक्षर मोठं ठेवलंय.